पाळीव सापाच्या पिंजऱ्यातली आर्द्रता: आकडा, ओलावा आणि कात

रानवाट
सापाची कात तुकड्यातुकड्यांत निघाली की पहिला सल्ला मिळतो तो 'फवारा मारा' असा. फवारा मारला की हायग्रोमीटरचा (आर्द्रता मोजायच्या यंत्राचा) आकडा झर्रकन चढतो, तासा-दीड तासात उतरतो, की पुन्हा फवारा. आठवडाभर असं चाललं की सबस्ट्रेटचा, म्हणजे तळाशी पसरलेल्या भुशा-मातीचा, वरचा थर चिखल होतो, तळ मात्र कोरडा ठणठणीत राहतो आणि साप दिवसरात्र ओल्यावर पोट टेकून पडलेला असतो. आर्द्रता तर टिकलेली नसतेच, वर पोटाचे खवले खराब व्हायला सुरुवात झालेली असते. म्हणून हा धागा फक्त आर्द्रतेवर काढतोय. खाणं, हाताळणी वगैरे इथे नको. आणि ही चर्चा बंदिवासात जन्मलेल्या, रीतसर पाळता येणाऱ्या सापांपुरतीच आहे, रानातून धरून आणलेल्यांबद्दल नाही.

आधी आकड्याचा अर्थ. हायग्रोमीटर दाखवतो ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के वाफ आत्ता हवेत आहे. हवा तापली की तिची वाफ धरायची ताकद वाढते. २५ अंशांना एक घनमीटर हवा साधारण २३ ग्रॅम वाफ धरते, ३२ अंशांना जवळजवळ ३४ ग्रॅम. खोलीत २५ अंश आणि ६० टक्के असेल तर त्या हवेत सुमारे १४ ग्रॅम पाणी आहे. तीच हवा पिंजऱ्यात शिरून ३२ अंशांपर्यंत तापली की आकडा ४१ वर येतो. एक थेंब कमी झालेला नसतो. दिवा लावल्यावर आर्द्रता पडते ती मुख्यतः यामुळे, आणि रात्री दिवा बंद झाल्यावर ती आपोआप चढते तीही यामुळेच. त्यामुळे तापमान न सांगता नुसता 'आर्द्रता ५० आहे, काय करू?' असा प्रश्न आला तर उत्तर देता येत नाही.

जातीनुसार ढोबळ अंदाज, टक्क्यांत: बॉल पायथन ६० ते ७५, कात टाकताना ७० च्या वर. बोआ कन्स्ट्रिक्टर ६० ते ७०. कॉर्न स्नेक आणि किंग स्नेक ४० ते ६०. हॉगनोज ३० ते ५०. केनियन सँड बोआ ३० ते ४०, पण त्यालाही एक ओलसर कोपरा हवाच. ब्राझिलियन रेनबो बोआ ७५ ते ९०, आणि हा साप कोरडेपणा अजिबात सहन करत नाही. ग्रीन ट्री पायथनला दिवसभर एकच आकडा नको. संध्याकाळी ८० च्या पुढे जाऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ५० च्या आसपास उतरणारं चक्र त्याला मानवतं.

हे आकडे कुठे मोजायचे तेही सांगतो. दोन सेन्सर लागतात, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही साप जिथे पडून असतो त्या उंचीवर. पाण्याच्या भांड्याच्या वर, दिव्याच्या थेट खाली किंवा काचेला चिकटवून लावलेला सेन्सर पिंजऱ्याबद्दल नाही, फक्त त्या जागेबद्दल सांगतो. गोल काट्याचे चिकटवायचे हायग्रोमीटर घेऊच नका, ते १५-२० टक्क्यांनी सहज चुकतात. वायरीच्या टोकाला प्रोब (मोजणारं टोक) असलेला डिजिटल घ्या.

शिंपला
उत्तम सुरुवात. मोजण्याबद्दल एक भर घालते, कारण डिजिटलसुद्धा डोळे झाकून खरा धरू नये.

मिठाची चाचणी घरी करता येते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ अर्धा चमचा घ्या. त्यावर थेंबाथेंबाने पाणी सोडा, ओल्या वाळूसारखं दिसेपर्यंतच. मीठ विरघळून वर पाणी तरंगायला लागलं तर मीठ वाढवा. हे झाकण आणि हायग्रोमीटर (प्रोबचा असेल तर प्रोब) झिपच्या पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात एकत्र ठेवा. मीठ सेन्सरला लागता कामा नये. डबा उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून दूर, एकसारख्या तापमानात १० ते १२ तास राहू द्या. संपृक्त मिठावरची हवा २० ते ३० अंशांच्या दरम्यान जवळपास नेमकी ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हायग्रोमीटर ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी दाखवतो. तेवढा फरक मागे पट्टी लावून लिहून ठेवा आणि वाचताना मिळवा.

१० पेक्षा जास्त फरक आला तर तो सेन्सर बाजूला ठेवलेला बरा. आणि चाचणी दर ६ महिन्यांनी करा. सतत ८० च्या वर राहिलेले सेन्सर हळूहळू सरकतात आणि जास्तच दाखवायला लागतात.

केवडा
बॉल पायथनसाठी काचेची टाकी आहे, १२० × ६० × ६० सेंमी, वर पूर्ण जाळीचं झाकण. गरम बाजूला सिरॅमिक हीटर, ३२ अंश, थर्मोस्टॅटवर. थंड बाजू २६. सबस्ट्रेट अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा भुसा, ३ सेंमी. दोन वेळा फवारणी करूनही आकडा ४५ च्या वर टिकत नाही. सुरुवात कुठून करावी?

रानवाट
@केवडा, तुमच्या टाकीत तीन गोष्टी एकत्र जमल्या आहेत आणि तिन्ही एकाच दिशेने ओढताहेत.

पहिली, जाळी. सिरॅमिक हीटर हवा तापवतो, तापलेली हवा वर जाते आणि वर तर सगळं उघडंच आहे. तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा आत येते. धुराड्यासारखं चालतं हे. जाळीचा साधारण तीन चतुर्थांश भाग झाका. अ‍ॅल्युमिनियमची जाड फॉइल दुहेरी घडी करून वापरता येते, अ‍ॅक्रिलिकची पट्टी कापून बसवता येते. हीटरच्या डोमभोवती मात्र ८ ते १० सेंमी जागा मोकळी ठेवा आणि तिथे प्लॅस्टिक, चिकटपट्टी, कापड काही येऊ देऊ नका. यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब जाळीच्या वर असेल तर तिच्या खालची जाळीही उघडी ठेवा, नेहमीचं अ‍ॅक्रिलिक आणि काच त्या किरणांचा बराचसा भाग अडवतात.

दुसरी, अ‍ॅस्पेन. कोरड्या प्रदेशातल्या सापांना तो चांगला, पण पाणी लागलं की ३-४ दिवसांत बुरशी धरतो. बॉल पायथनला तो बदलाच. काथ्याचे तुकडे, कोकोपीट, सायप्रसचा साल-भुसा यांपैकी एक किंवा मिश्रण. दोन भाग काथ्याचे तुकडे आणि एक भाग कोकोपीट हे प्रमाण हाताळायला सोपं. नुसतं कोकोपीट वरून सुकलं की धूळ होते आणि भक्ष्याला चिकटून तोंडात जाते. देवदाराचा भुसा कोणत्याही सापाला नको, त्यातली सुगंधी तेलं विषारी ठरतात.

तिसरी, जाडी. ३ सेंमीचा थर पाणी साठवू शकत नाही. ८ सेंमी करा. १२० × ६० × ८ म्हणजे जवळजवळ ५८ लिटर. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून साधारण ८ ते ९ लिटर होते, त्यावरून हिशेब करा. वाटतं तेवढं थोडं लागत नाही, भरपूर लागतं.

आणि आता फवारणीऐवजी ओतणं. पहिल्या दिवशी सुमारे दीड लिटर कोमट पाणी चारही कोपऱ्यांत, काचेच्या कडेने, सावकाश ओता. मध्यभागी नाही. पाणी काचेलगत खाली उतरतं आणि तळाच्या थरात पसरतं. वरचे २-३ सेंमी कोरडेच राहतात. पुढे दर ५ ते ७ दिवसांनी ३०० ते ५०० मिली. किती हे टाकी सांगेल: काचेतून बाजूने पाहिलं की खालचा थर गडद आणि वरचा फिकट अशी सरळ रेघ दिसते. ती रेघ थराच्या निम्म्यावर असली की ठीक. तळाशी पाण्याची चकाकी दिसली की जास्त झालं.

ओंजळ
वरच्या 'ओता' ला जोडून मुठीची परीक्षा सांगतो. तळापर्यंत बोटं घालून मूठभर सबस्ट्रेट काढा आणि घट्ट दाबा. गोळा टिकला आणि बोटांच्या फटीतून पाणी आलं नाही, तर बरोबर. हात उघडताच भुरभुरून पडला तर कोरडा. थेंब गळले तर जास्त. आणि वास घ्या. ओल्या मातीचा वास हवा. आंबट किंवा कुजका वास आला तर तळात हवा खेळत नाहीये. अशा वेळी वर पाणी टाकत राहू नका, सगळा थर उलथापालथ करून एक दिवस सुकू द्या, वास गेला नाही तर बदला.

टाकीच्या तळाखाली हीटमॅट असेल तर मात्र जाड ओला थर चालत नाही. उष्णता थराखाली अडकते, मॅटजवळचा भाग तापत जातो, आणि खणणारा साप नेमका तिथे जाऊन पोटाला चटका बसतो. मॅट बाजूच्या भिंतीवर हलवा किंवा वरून उष्णता द्या. थर्मोस्टॅट दोन्हीकडे लागतोच.

केवडा
आभारी आहे. पाण्याच्या भांड्याचा काही उपयोग होतो का? सध्या खोल पण लहान तोंडाचं आहे.

ओंजळ
होतो, पण खोलीचा नाही, पृष्ठभागाचा. बाष्पीभवन वरच्या पृष्ठभागावरून होतं. १० सेंमी व्यासाचं भांडं बदलून २५ सेंमीचं ठेवलं तर पृष्ठभाग सहापटीहून जास्त होतो. साप पूर्ण बसू शकेल एवढं पसरट, न कलंडणारं, जड भांडं घ्या. मधोमध किंवा गरम बाजूकडे सरकवलं तर आकडा आणखी ५-७ ने चढतो, पण कोमट पाण्यात जंतू लवकर वाढतात, म्हणून रोज बदलावं लागतं. आणि साप भांड्यातच तासन्‌तास बसून राहत असेल तर लगेच 'त्याला पाणी आवडतं' म्हणू नका. हवा कोरडी आहे, जागा जास्त तापली आहे किंवा अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत, यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी. पाण्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसतात का ते बघा.

पाणकणीस
मला 'बॉल पायथन ६० ते ७५' हे थोडं खटकलं. तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातला साप. तिथे कोरडा ऋतू चांगला कडक असतो. मग पिंजऱ्यात एवढी आर्द्रता कशाला?

रानवाट
रास्त प्रश्न. मोकळ्यावरची हवा कोरडी असते हे खरं, पण हा साप दिवस मोकळ्यावर काढत नाही. उंदीरवर्गी प्राण्यांच्या बिळांत आणि वारुळांत तो दडून असतो, आणि बिळाच्या आतली हवा वरच्यापेक्षा थंड आणि बरीच दमट असते. आपण त्याला पिंजऱ्यात बीळ देत नाही, हवामान केंद्रावरचा आकडा देतो, आणि मग कात फाटते. बिळासारखी लपण्याची जागा दिली, जिथे आतला आकडा ७५-८० आहे, तर बाकी पिंजरा ५५ वर असला तरी साप सुखात राहतो.

शिंपला
+१. आणि याच कारणाने ओलसर लपण (लपायची जागा) सगळ्या जातींना द्यावं, हॉगनोज आणि सँड बोआलासुद्धा. कृती सोपी आहे.

साप गुंडाळी करून बसला की जेमतेम मावेल एवढा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. मोठा घेतला तर साप त्यात बसत नाही, त्याला अंग तिन्ही बाजूंनी टेकलेलं हवं असतं. मध्यम कॉर्न स्नेकला ३ लिटरचा पुरतो, मोठ्या बॉल पायथनला १० ते १२ लिटरचा. बाजूला किंवा झाकणात भोक पाडायचं, सापाच्या सगळ्यात जाड भागाच्या दीडपट. कडा पॉलिश पेपरने घासून किंवा तापवून गोल करा, नाहीतर पोट कापतं. आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं सुकं शेवाळ): पाण्यात १५ मिनिटं भिजवून दोन्ही हातांनी पिळून काढायचं, अगदी फडकं पिळतो तसं. मग सोडवून, फुलवून डब्यात अर्ध्या उंचीपर्यंत भरायचं. दाबून भरू नये.

डबा ठेवायचा गरम आणि थंड बाजूच्या मध्ये, किंचित गरम बाजूकडे. थंड बाजूला ठेवलेला ओला डबा म्हणजे थंड ओल, आणि श्वासाचे आजार तिथूनच सुरू होतात. दर २-३ दिवसांनी मॉस हाताने चाचपून बघा, ३ आठवड्यांत बदला, विष्ठा दिसली तर त्याच दिवशी.

दर्भ
फॉगरबद्दल (धुकं सोडणाऱ्या यंत्राबद्दल) कोणी बोललं नाही. सोपा उपाय नाही का तो? टायमर लावला की झालं.

पाणकणीस
सोपा दिसतो, पण बहुतेक घरगुती पिंजऱ्यांना त्याची गरज नसते. अल्ट्रासॉनिक फॉगर पाणी उकळत नाही, कंपनाने त्याचे अतिसूक्ष्म थेंब करतो. फॉगरच्या टाकीतल्या पाण्यात जंतू असतील तर तेही त्या थेंबांबरोबर हवेत उडतात आणि थेट फुप्फुसात जातात. नळाचं पाणी घातलं तर त्यातले क्षार पांढरी पूड होऊन सगळीकडे बसतात. शिवाय धुक्यामुळे काच आणि फांद्या ओल्या होतात, सबस्ट्रेटचा तळ कोरडाच.

रेनबो बोआ किंवा ग्रीन ट्री पायथनसाठी वापरायचाच असेल तर डिस्टिल्ड पाणी घ्या, दर २-३ दिवसांनी फॉगरची टाकी रिकामी करून धुऊन सुकवा, नळी आठवड्याला व्हिनेगरच्या पाण्याने साफ करा आणि नुसता टायमर नको, आर्द्रता पाहून चालू-बंद करणारा कंट्रोलर लावा. त्याचा सेन्सर धुक्याच्या तोंडाशी असेल तर तो लगेच ९९ दाखवून फॉगर बंद करतो आणि दुसऱ्या टोकाला कोरडंच राहतं. सेन्सर समोरच्या बाजूला, मध्यावर.

झाडावर राहणाऱ्या सापांना हाताने केलेली फवारणी मात्र हवीच, पण ती पाणी पिण्यासाठी. ते अंगावरचे आणि पानांवरचे थेंब पितात. संध्याकाळी एकदा भरपूर, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं सुकलेलं दिसायला हवं. सुकत नसेल तर हवा खेळत नाहीये.

गवताची काडी
उलट अडचण. खोलीतलीच हवा ८५ टक्के, २७ अंश, आणि साप हॉगनोज. सबस्ट्रेट कोरडा ठेवूनही पिंजरा ७० च्या खाली येत नाही. प्लॅस्टिकचा टब आहे, दोन्ही बाजूंना ४-४ भोकं.

ओंजळ
याचं अर्धं उत्तर वरच्या हिशेबात आहे. २७ अंश आणि ८५ टक्के म्हणजे घनमीटरला जवळपास २२ ग्रॅम पाणी. तीच हवा ३१ अंशांपर्यंत तापली तर आकडा ६८ होतो. तुमचा ७० हा तेवढाच आहे, म्हणजे टबमध्ये काही चुकत नाहीये, बाहेरचीच हवा आत येते आहे. अशा वेळी नुसती भोकं वाढवून फार फरक पडत नाही, कारण बदली हवाही तितकीच दमट.

म्हणून आधी खोली सुकवा. एसी किंवा डीह्युमिडिफायर चालवून खोली ५५-६० वर आणली की पिंजरा आपोआप ४५ च्या आसपास येतो. ते दिवसभर शक्य नसेल तर निदान काही तास चालवा, आणि त्या वेळात टबला हवा खेळू द्या. मग भोकं वाढवा: ५ मिमीची १०-१२ भोकं एका बाजूला खाली, तेवढीच समोरच्या बाजूला वर. खालून थंड हवा आत, वरून गरम हवा बाहेर. भोकं आतून बाहेर पाडा म्हणजे धारदार कड आत राहत नाही, आणि साप लहान असेल तर भोक त्याच्या डोक्यापेक्षा लहान. सबस्ट्रेट अ‍ॅस्पेन, पाण्याचं भांडं लहान तोंडाचं आणि थंड बाजूला.

आणि एक गोष्ट मनाला समजवायची: स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावर, योग्य तापमानात हॉगनोज काही आठवडे ६५ वर राहिला तर आजारी पडत नाही. हवेतल्या आर्द्रतेपेक्षा पोटाखालची ओल जास्त घातक. घाबरून तापमान मात्र वाढवत नेऊ नका. एखादा अंश ठीक, आकडा पाडण्यासाठी ३-४ अंश नाही.

केवडा
आज साप धुरकट दिसतोय, डोळे निळसर. आता आर्द्रता वाढवायची ना?

शिंपला
हो, आणि डोळे निळे दिसले की लगेच, कात सुटायची वाट पाहू नका. जुन्या आणि नव्या त्वचेच्या थरांमध्ये द्रव भरतो त्यामुळे हा धुरकटपणा येतो. ४ ते ७ दिवसांत डोळे पुन्हा स्वच्छ होतात. त्यावरून पुष्कळांना वाटतं की कात टाकून झाली आणि ते आर्द्रता कमी करतात. चूक नेमकी इथे होते. कात त्यानंतर २ ते ४ दिवसांनी सुटते. म्हणून पहिल्या धुरकट दिवसापासून कात हातात येईपर्यंत बॉल पायथनला ७०-७५, आणि ओलसर लपणातलं मॉस ताजं. अंग घासायला खरखरीत पण धार नसलेलं लाकूड किंवा सालीचा तुकडा ठेवा. या काळात हाताळू नका आणि खायला दिलं नाही तरी चालतं.

कात मिळाली की फेकण्याआधी पाण्यात भिजवून उलगडा. मोजा उलटा करून काढावा तशी ती आतली बाजू बाहेर अशी निघालेली असते आणि सापापेक्षा लांब भरते, तेव्हा लांबीवरून सापाचं माप काढू नका. तोंडाच्या टोकाशी उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी दोन स्वच्छ, गोल, घड्याळाच्या काचेसारख्या चकत्या दिसल्या पाहिजेत. तिथे भोक असेल तर चकती सापाच्या डोळ्यावर राहिली आहे. मग शेपटीचं टोक बघा. टोकदार शेवट पूर्ण असावा. टोक तुटलेलं दिसलं तर सापाच्या शेपटीवर जुन्या कातीचं टोपण राहिलं असेल. ते सुकून आवळलं की रक्तपुरवठा बंद होतो आणि टोक काळं पडून झडतं.

दर्भ
आणि अडकलीच तर? गरम पाण्यात बुडवायचं?

शिंपला
गरम नाही, २८ ते ३० अंश. थर्मामीटरने मोजा, हाताला अगदीच साधं वाटेल एवढंच असतं ते. झाकणाला हवेची भोकं असलेल्या डब्यात पाणी सापाच्या शरीराच्या निम्म्या जाडीपर्यंत, जेणेकरून डोकं कष्टाशिवाय वर राहील. २० ते ३० मिनिटं, तुम्ही समोर बसून. सापाला ताण कमी हवा असेल तर पाण्याऐवजी ओला, पिळलेला टॉवेल डब्यात घालून त्यात साप ४० मिनिटं ठेवा. हा मार्ग मला जास्त पसंत आहे. मग ओल्या खरखरीत टॉवेलमधून त्याला स्वतःहून सरकू द्या, हाताची पकड हलकी. कात डोक्याकडून शेपटीकडे सुटते. नखाने उचकटून ओढलेली कात खालचं कोवळं कातडं घेऊन निघते.

डोळ्यावरच्या चकतीला चिमटा, सेलोटेप, कापूस काही लावू नका. सापाला पापण्या नसतात. ती चकती म्हणजे त्याच्या डोळ्यावरचं एकमेव आवरण आहे, आणि खालची नवी चकती तुम्हाला वेगळी दिसत नाही. आर्द्रता वाढवून पुढच्या कातीची वाट बघा. दोन कातींनंतरही राहिली, किंवा डोळा सुजलेला, खोल गेलेला दिसला तर सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या व्हेटकडे.

आणि आर्द्रता बरोबर असूनही कात पुन्हा पुन्हा अडकत असेल तर आर्द्रतेलाच दोष देत बसू नका. माइट्स, जुन्या जखमेचा व्रण, शरीरात पाणी कमी पडणं, आतला आजार, ही कारणं तपासा.

पाणकणीस
जास्त ओलीची लक्षणंही इथेच नोंदवून ठेवतो, कारण ती उशिरा ओळखली जातात. साप उचलून पोट उजेडात बघायची सवय लावा, आठवड्यातून एकदा. पोटाच्या खवल्यांच्या कडा लालसर-तपकिरी होणं, खवला किंचित उचललेला, त्याखाली पाण्याचा किंवा पिवळट द्रवाचा फोड: ही खवले कुजण्याची सुरुवात. सबस्ट्रेटचा तपकिरी डागही असा दिसू शकतो. ओल्या कापडाने पुसल्यावर गेला तर डाग, राहिला तर खवला. सुरुवातीलाच सापाला सुक्या, स्वच्छ किचन टॉवेलवर हलवा, टॉवेल रोज बदला, तापमान त्या जातीच्या वरच्या मर्यादेला ठेवा. फोड असतील तर घरी फोडू नका, व्हेट.

श्वासाची लक्षणं: शिट्टीसारखा किंवा टकटक आवाज, नाकपुडीशी बुडबुडे, तोंडात चिकट लाळ, तोंड उघडं ठेवून श्वास, डोकं वर उचलून बसणं. कात टाकण्याआधीच्या एक-दोन दिवसांत थोडी शिट्टी येऊ शकते, तेव्हा नाकपुडीतही सुटती कात असते. कात गेल्यावरही आवाज राहिला तर वाट बघू नये. आणि दुसऱ्याच्या सापाचं अँटिबायोटिक याला देऊ नये, मात्रा वजनावर ठरते आणि चुकीची मात्रा मूत्रपिंडावर जाते.

गवताची काडी
काचेवर सकाळी दव दिसणं म्हणजे जास्त ओल का?

रानवाट
नेहमी नाही. आतली हवा २८ अंश आणि ८० टक्के असेल तर २४ अंशांच्या आसपास तिचं दव होतं. खोली रात्री २२ वर गेली की काच थंड पडते आणि तिच्यावर पाणी जमतं, आत सगळं ठीक असलं तरी. खालच्या कोपऱ्यात पहाटे जमलेलं दव दिवा लागल्यावर दोन तासांत गेलं तर सोडून द्या. दुपारीही काच ओघळत असेल तर जाळीवरचं झाकण एक हातभर मागे सरकवा आणि दोन दिवस आकडा बघा.

एकदम दोन गोष्टी बदलू नका एवढीच विनंती. झाकण सरकवलं, पाणीही कमी केलं, भांडंही हलवलं, तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. एक बदल, ४८ तास, सकाळ-दुपार-रात्र असे तीन आकडे तापमानासकट लिहून ठेवा, मग पुढचा.

केवडा
तसंच केलं. जाळी तीन चतुर्थांश झाकली, थर ८ सेंमी, कोपऱ्यांत दीड लिटर. दोन दिवसांचे आकडे: गरम बाजू ३२ अंशांना ५८, थंड बाजू २६ अंशांना ७४, रात्री थंड बाजू ८१. फवारणी शून्य. आणखी पाणी घालू का?

रानवाट
नको. हे दोन्ही आकडे जवळजवळ एकाच हवेचे आहेत, घनमीटरमागे हिशेब करून बघा: ३२ ला ५८ म्हणजे २० ग्रॅमच्या थोडं खाली, २६ ला ७४ म्हणजे जवळजवळ १८. गरम बाजूच्या तळातून बाष्प चांगलं निघतंय. काचेतून गडद रेघ कुठवर आहे ते बघत राहा. ती निम्म्याच्या खाली उतरली की ३०० मिली, कोपऱ्यांतूनच.